लहानग्यांचा तलाव, जीवरक्षकांची शिट्टी आणि आम्ही पालक : एका उन्हाळी बॅचचा अनुभव

यंदाच्या उन्हाळ्यात पुण्याच्या पश्चिम भागातील एका क्लबच्या पोहण्याच्या तलावावर मी माझ्या पावणेतीन वर्षांच्या लेकीसाठी ‘पालक-बाळ बॅच’ लावली होती. बारा सत्रे, प्रत्येक सत्र अर्ध्या तासाचे, शुल्क चार हजार आठशे रुपये आणि पालकांपैकी एकाने मुलासोबत पाण्यात उतरायचे, असे तिचे स्वरूप होते. दोन तक्रारींबाबत व्यवस्थापनाशी माझा पत्रव्यवहार अजून चालू असल्यामुळे क्लबचे नाव येथे लिहीत नाही. परंतु दोन-तीन वर्षांच्या मुलाला पाण्यात नेण्याचा विचार करणाऱ्या पालकांना या अनुभवाचा उपयोग होईल असे वाटल्याने तो सविस्तर मांडत आहे.

सोयीसुविधांविषयी थोडक्यात सांगते. पाणी बाराही दिवस इतके नितळ होते की तळाच्या फरशांमधील रेघा काठावरून मोजता याव्यात. कपडे बदलण्याच्या खोल्या कोरड्या असत. शॉवरला पुरेसे पाणी होते. लहान मुलांचा तलाव दोन फूट खोल असून त्याच्या एका बाजूला तीन रुंद पायऱ्या आहेत आणि पलीकडे मोठ्यांचा तलाव आहे. या सगळ्याला मी चांगले गुण देईन. मला लिहायचे आहे ते मात्र जीवरक्षकांविषयी, कारण या बारा दिवसांत एकही सत्र असे गेले नाही की ज्यात एखाद्या पालकाचा आणि त्यांचा खटका उडाला नाही. त्यातले दोन खटके माझेच होते.

तलावावर दोन जीवरक्षक होते. एक पन्नाशीचे, ज्यांना सगळे काका म्हणत, आणि दुसरा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण. माझा पहिला वाद दुसऱ्याच दिवशी झाला. लेकीच्या दंडांना हवा भरलेले फुगे घालून मी तिला पायऱ्यांवरून पाण्यात सोडले आणि स्वतः वरच्या पायरीवर बसून राहिले. अंतर पाच-सहा फुटांचे असेल. तरुण जीवरक्षकाने शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ताई, ते फुगे काढा नाहीतर तिला धरून उभ्या राहा. असं लांब बसायचं नाही.” मला ते लागले. पाणी माझ्या गुडघ्याच्या थोडे वर, मुलीच्या दंडाला फुगे आणि मी समोर बसलेली. यात बेफिकिरी कुठे आहे, असे मी त्याला विचारले. त्याने उत्तर दिले नाही, फक्त हाताने ‘पुढे सरका’ अशी खूण केली. मी सरकले, पण रागाने.

माझ्या रागामागे थोडे वाचनही होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये आपली जुनी भूमिका बदलली आणि २०१९ मध्ये स्पष्ट म्हटले, की एक वर्षापासून पुढच्या मुलांना पोहण्याचे शिक्षण दिल्यास बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो. त्यामुळे मुलीला लवकर पाण्यात आणून आपण शहाणपणाचेच काम करत आहोत, अशी माझी खात्री होती. त्याच संघटनेने त्याच ठिकाणी आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या मी तितक्या लक्षपूर्वक वाचल्या नव्हत्या. लहान मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असताना मोठ्या माणसाने हात लांबवला की मूल हाताला लागेल एवढ्याच अंतरावर राहावे, ही पहिली. आणि हवा भरलेली साधने ही सुरक्षेची साधने नव्हेत, ही दुसरी. म्हणजे तो मुलगा जे म्हणत होता ते अक्षरशः बरोबर होते, फक्त त्याने ते का म्हटले हे मला कोणी सांगितले नव्हते.

सांगितले काकांनी, चौथ्या दिवशी, मी मुद्दाम थांबून विचारले तेव्हा. त्यांनी लेकीला काठावर उभे केले, दंडावरचे फुगे ओले केले आणि “बाळा, आईकडे कडेवर जायला कसे हात करतेस?” असे विचारले. तिने दोन्ही हात सरळ वर केले. काकांनी एका फुग्याला दोन बोटांनी वरच्या दिशेने ओढले, तर तो कोपरावरून मनगटापर्यंत आणि मनगटावरून सहज बाहेर आला. “पाण्यात घाबरलं की पोर पहिल्यांदा हेच करतं,” ते म्हणाले. “हात वर करतं. फुगे वर जातात आणि पोर खाली.” एवढ्या लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे तोल गेला की ते डोक्याकडून कलते आणि दोन फूट पाण्यात पाय टेकत असूनही स्वतःला सरळ करू शकत नाही, हेही त्यांनीच समजावले. घरी मी कधी बादलीतले पाणी सांडल्याशिवाय न्हाणीघराचे दार उघडे ठेवत नाही. तीच गोष्ट इथे लागू आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्याच दिवशी त्यांनी लेकीच्या पोशाखाबद्दलही सांगितले. तिचा पोहण्याचा पोशाख फिकट आकाशी रंगाचा होता, मी हौसेने आणलेला. काकांनी काठावर वाळत घातलेला तशाच रंगाचा एक टॉवेल उचलला, पिळून पाण्यात टाकला आणि तो तळाशी बसल्यावर मला विचारले, “दिसतोय का?” संध्याकाळचे साडेपाच झाले होते, ऊन तिरपे होते आणि पाण्यावर लाटांची चमक होती. मी अगदी काठाशी वाकून पाहिले तेव्हा कुठे त्याची एक कड दिसली. मग त्यांनी तिथेच पडलेले एक भगवे कापड टाकले. ते खुर्चीवर बसूनही दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मी रोडवर जाऊन भडक नारिंगी पोशाख आणला. इतकी साधी गोष्ट पालकांना सांगायला क्लबला पैसे लागत नाहीत आणि तंत्रज्ञानही लागत नाही. पैसे भरतानाच्या कागदावर एक ओळ छापली असती तरी पुरले असते.

इथेच माझी या सेवेबद्दलची मुख्य तक्रार आहे. नियम योग्य होते, परंतु ते कुठेही लिहिलेले नव्हते. पावतीच्या मागे होते ते असे : शुल्क परत मिळणार नाही, मौल्यवान वस्तूंची जबाबदारी क्लबची नाही, टोपी सक्तीची आहे. मूल किती अंतरावर असावे, फुगे चालतील की नाही, ट्यूब चालेल की नाही, फोन घेऊन पाण्यात उतरायचे की नाही, यांपैकी एकही गोष्ट पालकाला आधी कळत नव्हती. ती कळायची थेट शिट्टीतून, चारचौघांत, ओल्या अंगाने उभे असताना. मग पालकाला वाटायचे की हा मुलगा आपल्यावर अरेरावी करतो आहे आणि त्या मुलाला वाटायचे की ही माणसे ऐकतच नाहीत. व्यवस्थापनाने करायचे काम त्या बावीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात टाकले होते आणि भांडण मात्र आमच्यात लागत होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. त्यांचे म्हणणे वेगळेच होते. त्यांना सगळी साधने काढून हवी होती, पण मुलाला धरायचेही नव्हते. “आम्हाला वडिलांनी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. दोन दिवसांत पोहायला लागलो. तुम्ही पोरांना भित्रं करता,” असे ते काकांना ठणकावून सांगत होते. डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली एक पिढी आपल्या घराघरांत आहे आणि तिच्या धीटपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. काकांनी फार नेमके उत्तर दिले. ते म्हणाले, “आजोबा, मीपण विहिरीतच शिकलो. पण तुम्हाला ढकललं तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता?” आजोबा म्हणाले, सात-आठ. “आणि खाली पाण्यात कोण होतं?” आजोबा थोडे थांबून म्हणाले, “थोरला भाऊ होता, काका होते.” नातू दोन वर्षांचा होता. त्यानंतर आजोबा धोतर खोचून स्वतः पाण्यात उतरले. पोशाखाचा नियम असल्याने त्यावरून पुन्हा थोडी बोलाचाली झाली, पण त्या दिवशी कोणीच ती ताणली नाही.

फोनचा प्रश्न जास्त अवघड निघाला. पाण्यात उभे राहून मुलाचे छायाचित्र घेणे ही गोष्ट प्रत्येकाला निरुपद्रवी वाटते, कारण छायाचित्र घेताना आपण मुलाकडेच पाहत असतो. परंतु एक हात फोनमध्ये अडकलेला असतो, फोन भिजू नये म्हणून आपण मागे सरकतो आणि छायाचित्र काढून झाल्यावर ते कसे आले हे पाहण्यासाठी मान खाली जाते. हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. जर्मनीतील जीवरक्षकांच्या मोठ्या संघटनेने, डीएलआरजीने, २०१८ च्या उन्हाळ्यात जाहीरपणे सांगितले होते की पालक फोनमध्ये गुंतलेले असतात आणि मुलांकडे लक्ष राहत नाही. ऑस्ट्रेलियात अनेक सार्वजनिक तलावांवर पाच वर्षांखालील मुलासोबत पालकाने पाण्यातच आणि हाताच्या टप्प्यातच असावे असा नियम फलकावर लावलेला असतो. तिथेही पालक कुरकुरतात, परंतु कुरकुर नियमाविरुद्ध असते, जीवरक्षकाविरुद्ध नसते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आठव्या दिवशी जे घडले ते मी अगदी जवळून पाहिले. शनिवार होता. छोट्या तलावात मी मोजली तेव्हा चौदा मुले होती आणि खुर्चीवर एकटा तरुण जीवरक्षक होता. काका मोठ्या तलावाकडे गेले होते. माझ्या डाव्या बाजूला साधारण तीन वर्षांचा एक मुलगा कमरेभोवतीच्या ट्यूबमध्ये तरंगत होता आणि त्याचे वडील दीड-दोन हात अंतरावर फोनवर काहीतरी टाइप करत होते. मुलगा पुढे पडलेल्या चेंडूकडे झेपावला. ट्यूब त्याच्यासोबत उलटली आणि त्याचे डोके पाण्यात, पाय वर अशी अवस्था झाली. ट्यूब कमरेत घट्ट बसलेली असल्यामुळे त्याला सरळ होता येईना. मला सर्वांत जास्त जाणवले ते हे की आवाज कसलाच झाला नाही. ना किंकाळी, ना हात आपटणे. वर फक्त दोन तळवे हलत होते. मी वळेपर्यंत तो जीवरक्षक खुर्चीवरून पाण्यात आला होता आणि त्याने मुलाला ट्यूबसकट उचलले होते. मुलगा खोकला, थोडे पाणी बाहेर आले आणि मग त्याने रडायला सुरुवात केली.

न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर बरीच वर्षे जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या हालचालींचे चित्रीकरण करून हे फार पूर्वी दाखवून दिले आहे की खरोखर बुडणारा माणूस हाक मारत नाही, कारण हाक मारायला लागणारा श्वासच त्याच्याजवळ नसतो, आणि पृष्ठभागावरची ही धडपड वीस ते साठ सेकंदच टिकते. हे मी आधी वाचले होते. त्या शनिवारी माझ्या डाव्या हाताला ते घडले तेव्हाही मला ऐकू आले नाही.

पुढचा भाग सांगताना आजही मला वाईट वाटते. त्या वडिलांचा पहिला प्रश्न होता, “एवढं काय झालं होतं? मी होतो ना इथं!” तरुण जीवरक्षक अजून धापा टाकत होता. तो चिडून म्हणाला, “होता तर धरलं का नाही? फोन ठेवा तो.” शब्द रुक्ष होते, हे मान्य. वडिलांनी मुलाला उचलले आणि तडक कार्यालयात जाऊन जीवरक्षक उद्धट असल्याची तक्रार केली. अर्ध्या तासाने कार्यालयातील गृहस्थांनी त्या तरुण जीवरक्षकाला आत बोलावले आणि सभासदांशी नीट बोलावे अशी समज देऊन माफी मागायला लावली. त्याने माफी मागितली. मी आणि आणखी तीन पालकांनी त्याच संध्याकाळी लेखी पत्र दिले, की घडले ते आम्ही पाहिले आहे, या मुलाने आपले काम उत्तम केले आहे आणि माफी मागायला लावण्याऐवजी त्याचे आभार मानायला हवे होते. त्या पत्रावर आम्हाला पोहोच मिळाली. उत्तर आले नाही.

त्या वडिलांवर मी राग धरत नाही. भीती वाटलेला माणूस पहिल्यांदा समोरच्यावरच ओरडतो आणि बॅचच्या दुसऱ्या दिवशी मी पायरीवर बसले होते तेव्हा मीही तेच केले होते. माझा राग कार्यालयावर आहे. सभासद नाराज होऊ नये एवढ्यापुरती कोणी जीवरक्षकाची शिट्टी काढून घेत असेल, तर पुढच्या वेळी तो शिट्टी वाजवताना क्षणभर विचार करील. अशा जागी तो क्षण फार मोठा असतो.

जीवरक्षक प्रत्येक बाबतीत बरोबर होते असे मात्र नाही. तलावावर शिकवणारे एक प्रशिक्षक आहेत. ‘भीती मोडण्यासाठी’ ते रडणाऱ्या मुलांनाही लागोपाठ पाण्याखाली नेऊन वर काढत आणि त्या वेळी दोन्ही जीवरक्षक गप्प राहत. पालकांपैकी एका डॉक्टर बाईंनी याला हरकत घेतली, तेव्हा तरुण जीवरक्षक प्रशिक्षकांची बाजू घेऊन म्हणाला, की मुले रडली तरी चालते, दोन दिवसांत सवय होते. इथे मी पूर्णपणे त्या बाईंच्या बाजूची आहे. इतके लहान मूल वारंवार बुडवल्यास भरपूर पाणी गिळते आणि त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरून मूल आजारी पडू शकते. बालरोगतज्ज्ञ याबद्दल सावध करतात. शिवाय रडताना मूल तोंडाने श्वास ओढत असते, नेमक्या त्याच वेळी त्याला पाण्याखाली नेणे मला कोणत्याही कारणासाठी पटत नाही. दहाव्या दिवसापासून मी लेकीला त्या प्रशिक्षकांकडे दिले नाही आणि उरलेल्या सत्रांत काकांनी सांगितल्याप्रमाणे स्वतःच तिला पाठीवर तरंगायला, काठ धरून सरकायला आणि पाण्यात फुंकर मारायला शिकवले. बाराव्या दिवशी ती माझ्या तळहातावर डोके ठेवून आकाशाकडे पाहत शांत पडून राहिली. बॅचमधली मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

वेळेवरूनही रोज कुरबुर होई. पंचवीस मिनिटे झाली की काका लहानांना बाहेर काढत, आणि ‘पैसे अर्ध्या तासाचे भरले आहेत’ असे कोणी ना कोणी सुनावत असे. लहान मुलाचे अंग वजनाच्या मानाने जास्त पसरलेले असल्याने ते मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते, हे त्यांचे कारण बरोबर होते. लेकीचे ओठ निळसर होताना मी स्वतः पाहिले. क्लबनेच सत्र पंचवीस मिनिटांचे जाहीर केले असते तर हा वाद उरलाच नसता.

दोन त्रुटी मी लेखी कळवल्या आहेत. पहिली म्हणजे छोट्या आणि मोठ्या तलावाच्या मधले फाटक. कठडा माझ्या छातीपर्यंत येतो, तो चांगला आहे, परंतु फाटकाची कडी मोडलेली होती आणि ते सुतळीने बांधलेले असे. अशा फाटकाला आपोआप मिटणारी आणि मुलाच्या हाताला न लागणारी कडी असावी लागते. सुतळी सोडायला माझ्या लेकीला किती वेळ लागेल, हे मी घरी बुटाच्या नाडीवर पाहिले आहे. फार लागत नाही. दुसरी त्रुटी म्हणजे तरुण जीवरक्षकाकडून खुर्चीवर बसल्या बसल्या लॉकरच्या किल्ल्या देण्याचे आणि टोप्या विकण्याचे काम करून घेतले जाई. संध्याकाळच्या गर्दीत तो दर दोन मिनिटांनी पाण्याकडे पाठ करून सुटे पैसे मोजत होता. आठव्या दिवशी त्या क्षणी किल्ली मागायला कोणी आले नव्हते, एवढेच.

काठावर लाइफबॉय (बुडणाऱ्याकडे फेकायचे तरंगते कडे), लांब बांबू आणि प्रथमोपचाराची पेटी होती. काकांना मी विचारले की मूल बेशुद्ध निघाले तर काय कराल. त्यांनी न अडखळता सांगितले, की श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्या माणसाला १०८ ला फोन करायला लावायचा. तिथेच उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी “आधी उलटं धरून पोटातलं पाणी काढायला हवं ना?” असे विचारले, तेव्हा काका म्हणाले, “नाही साहेब, त्यात वेळ जातो.” हे ज्ञान असलेला माणूस तलावावर आहे, हे या जागेचे सर्वांत मोठे बलस्थान आहे, आणि क्लबच्या जाहिरातीत निळ्या फरशांच्या छायाचित्रांऐवजी त्यांचा उल्लेख असता तर मला अधिक आवडले असते.

मे महिन्याच्या अखेरीस फाटकाला नवी कडी बसली. किल्ल्यांचे काम अजून त्याच मुलाकडे आहे आणि नियमांचा फलक लावण्याबाबत ‘समितीपुढे ठेवतो’ असे उत्तर आले आहे. ज्यांना ही बॅच लावायची असेल त्यांनी सकाळी सातची घ्यावी, कारण त्या वेळी गर्दी कमी असते, खुर्चीवर काका असतात आणि किल्ल्या मागायला कोणी येत नाही. फुगे आणि ट्यूब घरी ठेवावेत, पोशाख भडक रंगाचा आणावा, फोन लॉकरमध्ये टाकावा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी ती नवी कडी नीट लागते का, हे एकदा आपल्या हाताने ओढून पाहावे.